गाळल्याची तारीख

त्या वर्षी उन्हाळा महिनाभर आधीच येऊन ठाण मांडून बसला. सकाळी आठलाच कोठाराच्या पत्र्यावर हात ठेववत नव्हता. आतल्या तेलाच्या पिंपांवर ओली पोती घालायची, तासाभरात ती कडकडीत वाळली की पुन्हा भिजवून घालायची, या कामात थोरली सून आणि तिची नणंद या दोघींचे हात दिवसभर ओले असायचे आणि घसा कोरडा.

अशाच एका सकाळी दवाखान्याची हातगाडी दारात येऊन उभी राहिली. गाडीबरोबर मोठ्या सिस्टर स्वतः आल्या होत्या. त्यांनी वरच्या खोक्याचं झाकण काढलं आणि साबणाची एक वडी थोरलीच्या हातावर ठेवली. पांढऱ्या वडीवर नारिंगी ठिपके उठले होते, गोवर आल्यासारखे.

“वास घ्या,” सिस्टर म्हणाल्या.

नाकाजवळ न्यायची गरजच नव्हती. खिडकीच्या काचेला लांबी लावतात, तसला तो वास. खवट.

“तान्ह्या बाळांच्या अंगाला लावतो हो आम्ही हे. पहिली आंघोळ असते त्यांची. आठ खोकी आहेत, आठही परत आणलीत. सहा आठवड्यांनी पुढची खेप द्यायची आहे तुम्ही. तीही अशीच आली, तर आम्ही आमचं दुसरीकडे बघू.”

गल्लीत अकरा घरं, अकराही साबण करणाऱ्यांची. प्रत्येक दारात कोणी ना कोणी येऊन उभं राहिलं होतं. या घरचा माल परत येणं म्हणजे साधी गोष्ट नव्हती. हे घर नाकवाल्यांचं.

नाकवाले म्हणजे थोरलीचे सासरे. त्यांचं खरं नाव गल्लीत कोणाला आठवत असेल तर शपथ. चाळीस वर्षं त्यांनी साबण केला होता, आणि त्यांच्या नाकाचा लौकिक असा, की पिंपाचं झाकण काढून एकदा हुंगलं की तेल कशाचं, कोणत्या महिन्यात गाळलेलं, वाटेत उन्हात उभं राहिलं होतं का, सगळं सांगायचे. बाकीची दहा घरंही त्यांना विचारल्याशिवाय पिंप उतरवून घेत नसत.

सासरे ओसरीवरच्या बाजेवर बसले होते. त्यांनी वडी मागून घेतली, उलटसुलट करून पाहिली, अंगठ्याने एक ठिपका खरवडला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “कोठार कोणाच्या ताब्यात आहे?”

“माझ्या,” थोरली म्हणाली.

“मी तेल पारखून घेतलं होतं. चांगलं होतं. नंतर ते सांभाळायचं कोणी? झाकणं उघडी टाकलीस, ऊन लागू दिलंस. किल्ली दे.”

तिने कमरेची किल्ली सोडली. पंधरा वर्षं ती तिथे होती. गाठ घट्ट बसली होती, सुटायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ सगळी गल्ली बघत राहिली. सासऱ्यांनी किल्ली घेतली आणि तिच्या नवऱ्याच्या हातात दिली. नवऱ्याने ती खिशात टाकली. बायकोकडे मात्र त्याने पाहिलं नाही.

थोरलीच्या तोंडाशी आलं होतं, की अहो, हे पिंप उतरलं त्या दिवशीच मी म्हटलं होतं. खरंच म्हटलं होतं. ‘मामंजी, सूर्यफूल जरा खवट वाटतंय.’ त्यावर सासरे म्हणाले होते, ‘नाकवाला मी की तू?’ आणि तेलवाल्यासकट सगळे हसले होते. पण तिने आठ खोकी एकेक करून उचलली आणि आत नेली.

*

दुसऱ्या दिवसापासून तिला कॉस्टिक सोडा कालवायला बसवलं. ते नणंदेचं काम होतं. कॉस्टिक पाण्यात सोडलं की पाणी आपोआप उकळायला लागतं, वाफ नाकाडोळ्यांत जाते, हातावर थेंब उडाला की कातडी गुळगुळीत होऊन मग जळते. डोळ्यांपर्यंत फडकं बांधून ती ढवळत बसली.

“वहिनी, फडकं शोभतंय हं तुला,” नणंद म्हणाली. ती नवऱ्याच्या घरून तीन वर्षांपूर्वी पेटी घेऊन परत आली होती आणि तेव्हापासून जिभेला लगाम घालणं तिने सोडून दिलं होतं. “दरोडा घालायला जाऊ या का? माझ्या सासरपासून सुरुवात करू.”

“वन्सं, हसवू नका. आत वाफ जाते.”

“मग रड. पण काहीतरी कर. त्या किल्लीपायी अशी गप्प बसू नकोस, मला भीती वाटते तुझी.”

थोरली ढवळत राहिली. ती किल्लीचा विचार करत नव्हती. मनातल्या मनात ती पुन्हा पुन्हा हिशेब घालत होती. हे सगळं सासऱ्यांनीच शिकवलं होतं तिला. लग्न होऊन आली त्या वर्षी त्यांनी पिंपापिंपापाशी उभं केलं होतं. खोबरेल, अंधारात आणि झाकण घट्ट असेल तर दोन वर्षं हलत नाही. कोको बटरही तसंच, ढेप फोडली नाही तर दोन वर्षं. एरंडेल वर्षभर. सूर्यफूल मात्र नाजूक; गार जागेत फार तर वर्ष, आणि असा उन्हाळा असेल तर सहा महिन्यांतच त्याचा भरवसा सोडायचा. जवस तर तीन-चार महिन्यांचं पाहुणं. आणि मोजायचं ते आपल्या दारात आल्या दिवसापासून नाही. गाळल्या दिवसापासून.

झाकणं तिने कधीच उघडी टाकली नव्हती. दोन महिन्यांत सूर्यफूल खवटलं असेल, तर ते दारात आलं तेव्हाच म्हातारं होतं. मग सासऱ्यांना ते कळलं कसं नाही?

*

चार दिवसांनी तेलवाला आला. या गल्लीला तेल तोच पुरवायचा. बैलगाडीवर सूर्यफुलाची चार नवी पिंपं होती, आणि गाडीच्या पुढे तो स्वतः, डोक्यावर ओला रुमाल टाकून.

“ऐकलं मी, काका,” तो ओसरीवर टेकत म्हणाला. “वाईट वाटलं. बायकांच्या हाती कोठार म्हणजे असंच व्हायचं. पण काळजी नको. हे एकदम ताजं आणलंय तुमच्यासाठी.”

थोरली कॉस्टिकचं पातेलं ठेवून पुढे आली. फडकं तोंडावरून खाली ओढून तिने विचारलं, “गाळल्याची तारीख काय?”

तेलवाला सासऱ्यांकडे बघून हसला. “तारीख लग्नाची विचारतात, सूनबाई. तेलाची नाही.”

“लग्नाची चुकली तर पुढची मिळते. तेलाची चुकली तर मिळत नाही.”

“थोरली!” सासरे ओरडले. “आत हो.”

ती मागे सरली, पण आत गेली नाही. खांबाला टेकून उभी राहिली. सासरे उठले, पायरी उतरले. गल्लीतले तिघे-चौघे कौतुकाने जवळ आले. नाकवाले पिंप पारखताना बघणं हे त्यांना अजूनही आवडायचं. हमालाने पहिल्या पिंपाचं झाकण फिरवून काढलं. सासरे वाकले. डोळे मिटले. लांब, सावकाश श्वास आत घेतला, थोडा धरला, सोडला.

“ताजं,” ते म्हणाले. “दीड महिन्याचं. सावलीतून आलंय.”

“वा!” तेलवाला म्हणाला. “नाक म्हणजे नाक!”

थोरली उभी होती तिथून पिंपाचं तोंड स्वच्छ दिसत होतं. वरचं झाकण निघालं होतं, पण आतलं पत्र्याचं बूच तसंच होतं. कोणी फोडलंच नव्हतं. सासरे पत्रा हुंगून आले होते.

तिने तेलवाल्याकडे पाहिलं. तोही बुचाकडेच बघत होता. त्याला नवल वाटलेलं नव्हतं. त्याने शांतपणे पुढे होऊन झाकण पुन्हा फिरवून बसवलं आणि हमालाला म्हणाला, “उतरव चारही.”

*

दुपारी सगळे आडवे झाले तेव्हा सासरे मागच्या हौदावर पाय धूत बसले होते. थोरली तिथे गेली.

“मामंजी, आतलं बूच लागलेलं होतं.”

त्यांचा हात पाण्यातच थांबला. 

“कधीपासून?” तिने हळू विचारलं.

“तो ताप आला होता ना, तेव्हापासून.” म्हणजे दोन वर्षं. “ताप गेला आणि वास घेऊन गेला. आधी वाटलं, येईल. तुझ्या हातचं जेवण लागत नाही मला, दोन वर्षं झाली. भुसा खातोय असं वाटतं.” मग एकदम मान वर करून, दात आवळून म्हणाले, “बाहेर एक शब्द बोललीस, तर या घरात तुझं तोंड बघणार नाही.”

“नाही बोलणार.”

“शपथ घे.”

“शपथ कशाला? नाही बोलणार म्हटलं ना. पण ती चार पिंपं अजून अंगणातच आहेत, मी आत्ता फोडून बघून आले. चारही खवट आहेत. मागच्या हंगामातली असतील. ते तेल कढईत जाणार नाही.”

“हे खोबरेलात मिसळू. थोडं थोडं घातलं तर कळत नाही.”

“आज कळत नाही. दोन महिन्यांनी ठिपके येतातच, हे तुम्हीच शिकवलंत. बाळांच्या अंगाला लागतं ते.”

“या घरात कोणाचं चालतं?”

“तुमचं,” थोरली म्हणाली. “पण ढवळायला माझे हात लागतात.”

*

सकाळी कढई तापत ठेवली होती. दवाखान्याची खेप महिनाभर तरी वाळायला हवी, म्हणजे याच दोन-चार दिवसांत साच्यात पडायला हवी. नवऱ्याने कोठार उघडलं आणि नव्यातलं एक पिंप घरंगळत आणलं. थोरली कढईच्या आणि पिंपाच्या मध्ये येऊन उभी राहिली. लाकडी दांडा तिने दोन्ही हातांनी आडवा धरला होता.

“बाजूला हो,” नवरा म्हणाला.

“नाही.”

“अगं, आप्पांनी सांगितलंय.”

“ऐकलं मी. वास घ्या तुम्ही. तुम्हाला नाक आहे ना?”

त्याने वास घेतला. कपाळाला आठी पडली. तो ओसरीकडे बघायला लागला. तिथे बाजेवर बाप बसला होता, ताठ.

“जरा... येतोय खरा,” तो पुटपुटला.

“जरा?” नणंद मागून आली, पिंपात डोकावली आणि तोंड फिरवून खोकली. “दादा, यापेक्षा माझ्या नवऱ्याचे मोजे बरे होते.” आणि ती वहिनीच्या शेजारी जाऊन उभी राहिली, कमरेवर हात ठेवून.

नवरा दोघींच्या समोर उभा राहिला. घाम त्याच्या हनुवटीवरून गळत होता. खालचा जाळ वाया जात होता. शेवटी त्याने पिंप सरळ उभं केलं, झाकण लावलं, आणि जाळातली लाकडं एकेक करून बाहेर ओढून पाण्यात विझवली. वाफेचा लोट उठला. ओसरीवरचे सासरे उठून आत गेले.

त्या दिवशी कढई पुन्हा चढली नाही. दुसऱ्या दिवशीही कढई गारच होती. गल्लीत बातमी फिरली, की नाकवाल्यांच्या सुनेने बंड केलं.

*

तेलवाला तिसऱ्या दिवशी गाडी आणि हमाल घेऊन आला, तो बातमी ऐकूनच. या वेळी तो ओसरीवर बसला नाही. अंगणात मधोमध उभा राहिला, म्हणजे अकराही घरांना दिसावं.

“माझा माल खवट म्हणते म्हणे सूनबाई?”

“चारही पिंपं खवट आहेत,” थोरली म्हणाली. ती हात पुसत बाहेर आली होती. “परत घेऊन जा.”

“परत? पारखून घेतलेला माल परत?” त्याने गल्लीकडे वळून हात पसरले. “अरे, नाकवाल्यांनी स्वतः पास केलाय हा माल! तुम्ही होता ना इथे? तू होतास, तू होतास. आता मला सांग सूनबाई, तुझ्या सासऱ्यांचं नाक खोटं आहे का? बोल. सगळ्यांसमोर बोल.”

डाव तिच्या लक्षात आला. हे त्याला पक्कं ठाऊक होतं, की बोलली तर म्हातारा मेला, आणि नाही बोलली तर पिंपं राहिली. समोरच्या घरातली बाई आपल्या नवऱ्याच्या कानाशी लागली आणि दोघं हसले.

“सासऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही,” थोरली म्हणाली. “मी तेलाबद्दल बोलतेय.” ती पिंपापाशी गेली, वाटीभर तेल काढलं आणि त्याच्यासमोर धरलं. “घ्या. तुम्ही घ्या वास.”

“मी का घेऊ?”

“मग चाखा. ताजं आहे ना? सूर्यफुलाचंच आहे, विष नाही.”

“मी व्यापारी आहे. तुझ्या अंगणात तेल प्यायला आलो नाही.”

“बघा, काका,” तेलवाला ओसरीकडे वळून, आवाज गोड करून म्हणाला, “घरातल्या बाईला आवरा. तुमच्या नाकाची शोभा होतेय. उद्या गल्ली म्हणेल, की सुनेने नाक कापलं.”

हात तेलकट, वाटी पुढे धरलेली, अशी थोरली उभीच होती. तिने वाटी खाली आणली नाही.

ओसरीवर बाज करकरली. सासरे उठले. काठी न घेताच पायऱ्या उतरले, सावकाश, एकेक. तिच्या जवळ आले, हातातली वाटी घेतली आणि नाकाशी धरली.

“मला काही वास येत नाही,” सासरे म्हणाले.

“ऐका!” तेलवाला म्हणाला. “खवट वास नाही!”

“खवट नाही, ताजा नाही, कसलाच नाही.” त्यांचा आवाज चिरला, पण त्यांनी तो पुन्हा वर चढवला. “दोन वर्षं झाली. तापात गेलं माझं नाक. तुम्हा सगळ्यांची पिंपं मी दोन वर्षं अंदाजाने पास करतोय. शिव्या घालायच्या तर मला घाला. मी लाजलो. माझं नावच नाकवाला, मी सांगू कोणाला?” मग ते तेलवाल्याकडे वळले. “पण याला ठाऊक होतं. परवा बूच न फोडता मी हुंगलं, आणि हा वा म्हणाला.”

तेलवाला एक पाऊल मागे सरला. “काका, तुमचं वय झालंय. काहीतरी...”

“वय झालंय, खरं आहे. दोन वर्षांचं सगळं माझ्या माथी. ही चार पिंपं तुझ्या माथी. उचल.”

मग समोरच्या घरातला साबणवाला, जो मघाशी बायकोबरोबर हसला होता, तो आत गेला आणि स्वतःच्या कोठारातून एक पिंप घरंगळत बाहेर घेऊन आला. “थोरल्या वहिनी,” तो म्हणाला, “हे जरा बघता का?”

तिने झाकण काढलं, आतलं बूच आहे का पाहिलं, मग वाकली. “जुनं आहे. यापेक्षाही जुनं.”

“मग हेही घेऊन जा रे,” तो तेलवाल्याला म्हणाला.

आणखी घरांतूनही चार आली आणि गाडीवर एकूण नऊ पिंपं चढली. हमाल दमला तेव्हा नणंदेनेही खांदा लावला. तेलवाला गाडीत बसता बसता म्हणाला, “या गल्लीत आता तेलाचा थेंब येणार नाही. बघतो कशात साबण करता ते.”

“खोबरेल आहे आमच्याकडे, एरंडेल आहे, कोको बटरची ढेप आहे,” थोरली म्हणाली. “तुझ्या पिंपांसारखी ती म्हातारी झालेली नाहीत.” त्याला तिने प्रथमच अरेतुरे केलं होतं, आणि तिच्या ते लक्षातही आलं नाही.

गाडी वळली. सासरे अंगणातच उभे होते, रिकाम्या हातांनी. कोणी त्यांच्याजवळ गेलं नाही. मुलाने खिशातली किल्ली काढून बायकोपुढे धरली.

“दारालाच राहू द्या,” ती म्हणाली. “आता सगळ्यांनीच वास घ्यायचा.”

*

दवाखान्याचा साबण त्याच दुपारी खोबरेल, एरंडेल आणि कोको बटरची सगळी ढेप घालून साच्यात पडला. पण ढेप संपली, आणि नुसत्या खोबरेलाचा साबण कोरडा, कडक; बाळांच्या कातडीसाठी त्यात थोडं तरी सूर्यफूल हवंच, आणि पुढच्या कढया त्याच्याविना निघणार नव्हत्या. म्हणून दोन दिवसांनी थोरली आणि तिचा नवरा रिकामी पिंपं हातगाडीवर घालून पहाटेच निघाले. शेतांच्या पलीकडे, चार तासांच्या वाटेवर, घाणा होता. सासरे म्हणाले, मीही येतो. नको म्हटलं तरी गाडीत पिंपांच्या मध्ये चढून बसले. चढावर उतरायचे आणि मागून ढकलायचे.

घाणेवाला जाडजूड माणूस होता. अंगभर पेंडीचा भुगा. “किरकोळ देत नाही मी,” तो म्हणाला. “तेलवाल्यालाच सगळं जातं.”

“तो नेतो तेच तेल आमच्या दारात पुढच्या वर्षी येतं,” थोरली म्हणाली. “आम्ही अकरा घरं आहोत. दर महिन्याला येऊ, ताजं तेवढंच नेऊ.”

घाणेवाल्याने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग सासऱ्यांकडे. “तुम्ही नाकवाले ना? नाव ऐकलंय. या, पारखा.” त्याने भिंतीशी लावलेल्या एका पिंपाचं झाकण काढलं.

सासरे जागचे हलले नाहीत. “नाक आता तिचं,” ते म्हणाले. “मी नुसता सोबत आलोय.”

थोरलीने बूच फोडलं, बोट बुडवलं, तळहातावर चोळलं आणि वास घेतला. घाणेवाला पोटावर हात ठेवून वाट बघत होता.

“हे मागच्या हंगामाचं.”

त्याचा चेहरा लाल झाला. “उंबऱ्यावर येऊन माझ्या तेलाला नावं ठेवतेस?”

“नावं नाही ठेवत. तारीख सांगतेय. आज गाळताय ते द्या.”

आत घाण्याची करकर चालली होती. “आजचं निघायला दुपार होईल,” तो गुरकावला. “आणि बाहेर सावली नाही.”

ती हातगाडीच्या दांडीवर जाऊन बसली. नवरा तिच्या शेजारी बसला, सासरे पिंपाला टेकून खाली जमिनीवर. ऊन थेट डोक्यावर यायला लागलं होतं.

“होऊ दे दुपार,” थोरली म्हणाली.